कार्ड न दाखवता विचारलेला प्रश्न

दवाखान्याच्या पाहणीतलं माझं काम सोपं आहे. लोकांच्या दारात उभं राहायचं आणि ते सिगार ओढतात का, कोणती ओढतात, महिन्यातले किती दिवस ओढतात, हे विचारून फॉर्म भरायचा. प्रश्नाच्या आधी कार्ड दाखवायचं. कार्डावर तीन चित्रं असतात: हाताने वळलेली जाड सिगार, तिच्याहून बारीक आणि आखूड सिगार, आणि फिल्टर लावलेली, सिगारेटसारखीच दिसणारी छोटी. कार्ड आधी दाखवायचं कारण साधं आहे. सिगार म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर जाडजूडच येते, बड्या लोकांची. रोज आठ छोट्या ओढणारा माणूसही "सिगार? छे!" म्हणतो, आणि अगदी मनापासून म्हणतो.

बाबांना विचारताना मी ते कार्ड पिशवीतून काढलंच नाही.

त्या वर्षी आमच्याच गल्लीची यादी माझ्याकडे आली होती. घरच्यांचा फॉर्म दुसऱ्या कोणी भरायचा असा नियम आहे, पण एवढ्याशा कामासाठी कोण कुणाला बोलावणार? बाबा दाढी करत होते. मी दारातूनच विचारलं, "बाबा, सिगार ओढता?" आरशात बघतच ते म्हणाले, "आपण काय कारखानदार आहोत का?" मी हसले आणि 'नाही'वर खूण केली. चेरीच्या वासाच्या छोट्या सिगारांचं पाकीट त्यांच्या खिशात असायचं, हे मला ठाऊक होतं. घाई होती, इतकंच.

'रोज' म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तोंडाच्या आणि फुप्फुसांच्या तपासणीची चिठ्ठी देतो. गल्लीतल्या अकरा जणांना मिळाली. बाबांना मिळाली नाही. दोन वर्षांनी त्यांच्या जिभेखाली गाठ सापडली, तेव्हा फार उशीर झाला होता. धाकटा भाऊ तेव्हापासून दवाखान्याच्या नावाने बोटं मोडायचा. "सगळ्या गल्लीला बोलावलं आणि आमच्याच माणसाला विसरले!" हे ऐकताना मी मान खाली घालायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा मीच.

बाबा गेले आणि पंधराएक दिवसांत वास यायला लागला. एका शिंप्याच्या दुकानात फॉर्म भरत होते. "आठवड्यातून एखादी," तो म्हणाला, आणि चेरीचा गोड, मागून जळका असा वास माझ्या नाकात शिरला. मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. "नक्की एखादी?" मी विचारलं. तो कैचीशी चाळा करत म्हणाला, "रोज तीन. पण बायकोला सांगू नका." वास गेला.

मग ते नेहमीचंच झालं. समोरचा काही लपवू लागला की वास येई, खरं बोलला की जाई. एक निवृत्त मास्तर जाड सिगार ओढायचे. म्हणाले, "फक्त पाहुणे आले की." मी म्हटलं, "मग तुमच्याकडे पाहुणे रोज येतात वाटतं?" मास्तरांनी ताकाला जाऊन भांडं लपवणं सोडलं. ऑफिसात माझं नाव 'नाकवाली' पडलं. सगळे हसायचे. मला भीती वाटायची, आणि कुणी सरळ खरं बोललं की बाबा आलेच नाहीत म्हणून थोडं वाईटही वाटायचं.

भावाच्या घरी मात्र मी जाणं टाळत होते. पण या वेळच्या यादीत त्याचं घर निघालं. हा माझा भाऊ आहे हे मी साहेबांना सांगितलं नाही. महिन्यापूर्वी त्याच्या गाडीच्या खणात मी तेच चेरीचं पाकीट पाहिलं होतं. दुसरं कोणी गेलं असतं तर त्याने चहा पाजून वाटेला लावलं असतं. ही चिठ्ठी मला त्याच्या हातात द्यायचीच होती.

तो सोफ्यावर बसला, भावजय दाराशी उभी राहिली. मी कार्ड त्याच्यासमोर धरलं. या वेळी आधी कार्ड, मग प्रश्न.

"यातलं काही ओढतोस?"

"ताई, मला काय विचारतेस? बाबांचं पाहूनही?"

वास आला. इतका दाट कधीच आला नव्हता. भावजयीने नाकाला पदर लावला. "कोण ओढतंय? खिडक्या तर बंद आहेत."

म्हणजे त्यांनाही येत होता. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. "हा बाबांचा..." तो पुटपुटला.

"खरं सांग, म्हणजे जाईल."

त्याने तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. "रोज. चार. नाही, सहा." "सहा?" भावजय दारातूनच म्हणाली. मी 'रोज'वर खूण केली, पुस्तकातून चिठ्ठी फाडून काढली आणि वास जायची वाट पाहिली.

वास गेला नाही. उलट वाढला.

"अगं, सांगितलं की सगळं!" भाऊ ओरडला. "आता काय राहिलं?"

काय राहिलं ते मला कळलं होतं. त्याच्या घरी जाणं मी का टाळत होते, तेही मला ठाऊक होतं.

"दवाखाना बाबांना विसरला नव्हता," मी म्हणाले. "त्यांचा फॉर्म मीच भरला. कार्ड दाखवलं नाही. 'नाही' लिहिलं. पाकीट ठाऊक असूनही."

वास हळूहळू विरला आणि मग उरलाच नाही. मी खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. काहीच नव्हतं. बाबा आता येणार नाहीत हे मला तिथेच उमगलं, आणि ते गेले त्या दिवशी आलं नव्हतं ते रडू आता आलं.

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता. मागे न वळता तो म्हणाला,

"चिठ्ठी ठेव टेबलावर. आणि जा."