बारशाचं फुलपात्र

हौसराव म्हणजे न्हावऱ्याच्या दूध डेअरीचे जुने संचालक. माप थोडं कमी भरलं तरी चारचौघांत आवाज चढवणारा माणूस. त्या दिवशी ते नातीला, हर्षदाला, अंगणवाडीतून न्यायला जरा लवकर गेले आणि दारातच थबकले.

पोरं पाण्याच्या घमेल्याभोवती बसली होती. कुणी वाटीनं तांब्या भरत होतं, कुणी दोरीचे तुकडे लांब-आखूड लावत होतं. हर्षदाचा फ्रॉक ओलाचिंब झालेला.

"बाई, ह्याला शिकवणं म्हणायचं व्हय?" हौसराव गौतमीबाईंना म्हणाले. गौतमीबाई गेली बरीच वर्षं ही अंगणवाडी चालवत होत्या. "पोरीला अजून शंभरपर्यंत येत न्हाई, आन् तुम्ही पाण्यात खेळवताय. सोमवारपासून शिरूरच्या शाळंत घालतो तिला. गाडी दारात येती."

हर्षदानं घमेल्याचा काठ घट्ट धरला. तिला गाडीत बसायचं नव्हतं.

"आबा, आकडे होतील पाठ," गौतमीबाई म्हणाल्या. "पण कशात जास्त मावतं आन् कशात कमी, ते पाठ करून कळत न्हाई. हातानं ओतून बघावं लागतं. डेअरीत तुम्ही नुसत्या किटलीकडं बघून दूध घेता का?"

हौसरावांना ते लागलं.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "हर्षदाचं वजन वाढंना. तिला दूध जरा जास्त द्या."

"आमच्या घरी दुधाला काय तोटा हाय? दोन्ही नातवंडांना रोज भरून मिळतं," असं ठसक्यात सांगून ते नातीला घेऊन निघाले.

संध्याकाळी आजीनं, तुळजाबाईंनी, नेहमीप्रमाणे दूध आणलं. बारशाला आलेल्या भांड्यावर मुलाचं नाव घालायची आपल्याकडे पद्धत. थोरल्या स्वराजच्या बारशाला मामानं उंच पेला आणला होता, आणि हर्षदाच्या बारशाला कुणीतरी छोटं फुलपात्र. ज्याच्या नावाचं भांडं त्याला, असा घरचा शिरस्ता.

हर्षदानं आपलं दूध पिऊन टाकलं. मग टीव्ही बघत बसलेल्या भावाचा भरलेला पेला उचलून ती तो आपल्या फुलपात्रात ओतू लागली. फुलपात्र भरलं, दूध फरशीवर सांडलं, आणि पेल्यात अजून कितीतरी उरलंच.

"आजी, दादाचं माझ्यात मावंना!"

तुळजाबाईंनी मारायला हात उचलला. "थांब," हौसराव म्हणाले. त्यांनी फुलपात्र तांब्यात रिकामं केलं, पेल्यातलं उरलेलं दूध स्वतः त्या फुलपात्रात ओतलं. ते पुन्हा जवळजवळ भरलं. डेअरीवाल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

"मी काय दुजाभाव करते व्हय?" तुळजाबाई कळवळून म्हणाल्या. "नाव बघून देते. दोघांचीबी काठोकाठ भरते."

"मला दिसत होतं, आबा," स्वयंपाकघराच्या दारातून सून सविता हळूच म्हणाली. "पण भरलेल्या भांड्याला कमी कसं म्हणायचं?"

हौसरावांना स्वतःची लाज वाटली. जगाचं माप तपासत फिरलो आणि आपल्याच नातीचं राहून गेलं! त्यांनी हर्षदाला जवळ घेतलं. तिचे दंड त्यांना आज पहिल्यांदाच बारीक वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला घेऊन अंगणवाडीत गेले. शिरूरच्या गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं होतं. पेला आणि फुलपात्र त्यांनी गौतमीबाईंपुढं ठेवलं.

"ही हितंच राहू द्या बाई. पोरांना ओतून बघू द्या. घरी आता दोन सारखे पेले आणलेत, बिननावाचे."

मंडळी, लहान मुलं वाटी-तांब्याशी खेळतात तेव्हा ती आपल्याला किती मिळतं आणि शेजारच्याला किती, हे बघायला शिकत असतात. त्यांना त्यातून उठवू नका. घरातला दुजाभाव दर वेळी मुद्दाम केलेला असतो असं नाही. पुष्कळदा भांडं काठोकाठ भरलेलं असतं, म्हणून तो कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा आज आपल्या घरातली भांडी एकमेकांत ओतून बघा, आणि ओतायचं काम घरातल्या मुलीला द्या.