पोत्यावर मांडलेलं इंजिन

पाचर.

गोंदियाच्या छोटेलाल मिस्त्रीने आधी पोतं झटकून शेतावरच्या तळ्याच्या, बोडीच्या, पाळीवर पसरलं. मग चाकाला दांड्यावर घट्ट धरणारी पाचर काढली आणि पोत्याच्या डाव्या टोकाला ठेवली.

"जो निकलेगा, यहीं रखूंगा. लाइन से. लावताना उलटं लावायचं. कोणी हात लावायचा नाही, पटेल."

"नाही लावत," उमराव म्हणाला. इंजिन त्याचं होतं. बोडी त्याच्या आजाने बांधलेली. तरी तो हात मागे घेऊन उभा होता.

चाक.

ते काढायला दोघं लागले. चाकाखाली पोतं दबलं.

दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. सकाळी अंगावर घोंगडी लागत होती. खालच्या शेताच्या बांध्यांतला उशिरा पिकणारा भारी धान दुधात होता आणि बोडीचं पाणी ते सोडायच्या तुडुमाच्या तोंडाखाली उतरलं होतं. तुडुम उघडा की बंद, आता सारखंच. पाणी आहे, पण उचलायला हवं. दोन दिवसांत उचललं नाही तर लोंबीत दाणा भरणार नाही, नुसतं फोल हाती येईल. उन्हाळ्यापासून बंद असलेल्या इंजिनाचं हँडल परवा उमरावने धरलं, तर ते जागचं हलेना. दोन माणसं लोंबकळली, तरी नाही.

पिस्टन, त्याच्या दांडीसकट.

"हेच का ते?" उमरावची बायको कुंदाबाई वाकून म्हणाली. "माज्या लोट्याएवढं त आहे."

"यही लोटा पानी खींचता है, भाभी."

"तू घरी जाय," उमराव म्हणाला.

"काऊन जाऊ? धान माजाबी आहे."

क्रँक.

पोत्यावर त्याची जागा रिकामी.

मिस्त्रीने बाजूच्या झाकणाचे सगळे बोल्ट काढले. आता झाकण ओढलं की त्याच्यातलं पितळी बुश दांड्यावरून सरकायला हवं होतं आणि मागोमाग तो वाकडा दांडा, क्रँक, मोकळा व्हायला हवा होता. झाकण ओढलं. हललं नाही. दांड्याच्या टोकाला पॉलिश पेपर घासला, टोकावरचा गंज निघून लोखंड चकचकीत झालं. पुन्हा ओढलं. नाही. लाकडाचा ठोकळा धरून हलका हातोडा मारला. एक. दोन.

मिस्त्रीने कान लावला. आवाज बद्द आला.

"बुश ने पकड लिया, जाम है. बोट घालून पाहिलं तर आत पिवळं पिवळं लागते. ग्रीस कोनी भरला होता? भरपूर भरला."

उमराव बोडीकडे पाहत राहिला. कुंदाबाई उमरावकडे.

"घन आहे का?" मिस्त्रीने विचारलं. "दगड फोडायचा. एक जोरात बसला तर निघेल."

"नाहीतर?"

"बिडाचं आहे, पटेल, ठिसूळ. नाहीतर झाकण तडकेल. फिर कलकत्ते से मंगाओ, महिनाभर बैठो."

पोत्यावर न ठेवलेलं.

जेठात इंजिन बंद करताना मशीन ऑइलचा डबा रिकामा होता. पावसाळाभर लोखंड उघडं कसं ठेवायचं? उमरावने घरातलं टोरीचं तेल आणलं, मोहाच्या बियांचं, दीड शेर. तेलाच्या वाट्यांत ओतलं, इंजिनाच्या खालच्या टाकीत ओतलं, हँडल दहा वेळा फिरवून सगळीकडे पोचवलं.

कुंदाबाई तेव्हा म्हणाली होती, "हे गाडी नोहोय जी."

"फिरते ते फिरतेच. गाडीच्या आसाले वीस वर्सं हेच तेल देऊन राहिलो, झिजला का?"

मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी त्याने खालचं तेल काढून टाकलं आणि आतून धानाच्या तणसाने पुसलं. बुशात हात पोचला नाही.

घन.

तो पाळीच्या दुसऱ्या टोकाला पडला होता. उमराव गेला. उचलला. परत निघाला. वाटेत आजाने लावलेले दगड पायाखाली येत होते. पाणी कुठून कुठे जाईल हे त्या म्हाताऱ्याने नुसतं पाहून सांगितलं होतं, असं सारं गाव म्हणे. त्याच्या नातवाने तेल ओतलं, हेही आता गाव म्हणणार. बांध्यांत धान उभा होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं.

मिस्त्रीने घनासाठी हात पुढे केला.

उमरावने घन खाली ठेवला.

"ग्रीस नोहोय ते. टोरीचं तेल आहे. मीच टाकलो."

मिस्त्रीने बोटाचा वास घेतला. मग उमरावकडे पाहिलं.

"कितना?"

"दीड शेर."

"बापरे. पुऱ्या तळायच्या होत्या का?" तो मटकन पाळीवर बसला. "वो तो थंडी में जम जाता है. पितळेला खाते ते अलग."

"पानी तापवू का?" कुंदाबाईने विचारलं.

"दोन गंज भरून. उकळतं."

"चुलीवरच आहे. सकाळपासून."

उमराव वळला. "मंग बोलली काऊन नाही?"

"जेठात बोलली होती."

क्रँक.

कुंदाबाईने घरून दोन्ही गंज, मोठी पातेली, आणली. झाकणाभोवती गोणपाट गुंडाळून पाणी ओतलं. दुसरा गंज ओतला. पिवळा ओघळ निघाला, मग हिरवट. मिस्त्रीने दोन्ही हातांनी झाकण थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे केलं. ते सुटलं. आवाजही झाला नाही. मागून क्रँक निघाला आणि रिकाम्या जागेवर जाऊन बसला. बुशात हिरवा कळंक चढला होता, चिंचेचं पाणी राहिलेल्या पितळी भांड्यासारखा. कुंदाबाईने राखेने घासायचं म्हटलं. मिस्त्रीने घासू दिलं नाही, घासलेटात धुतलं.

उलटीकडून.

क्रँक. झाकण. पिस्टन. चाक. पाचर. नव्या डब्यातलं तेल मिस्त्रीने स्वतः ओतलं. उमरावने हँडल मारलं. चौथ्या खेपेला इंजिन खोकलं आणि चालू लागलं. पाणी पाइपातून आधी गढूळ आलं, मग साफ, आणि पहिल्या बांधीत शिरलं.

मिस्त्रीला पोचवायला निघालेली बैलगाडी स्टेशनाच्या वाटेवर करकरू लागली. उमराव उतरला. गाडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळीतून त्याने आसावर टोरीचं तेल सोडलं.

मिस्त्री वाकून पाहत होता. "इथं चालते?"

"इथं चालते," उमराव म्हणाला, आणि नळी परत टांगली.