शहाण्याचं बुजगावणं

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात शहाणा म्हणतो. लहानपणी कौतुकाने म्हणायचो, पुढे चिडवायला, आता सवयीने. तो अर्थखात्यात टिपणं लिहितो. मंत्री येतात आणि जातात, टिपणं लिहिणारा तोच.

आमची लाँड्री होती. ह्यांनी उभा जन्म वाफेत आणि ड्रायक्लीनिंगच्या औषधाच्या वासात काढला, आणि शेवटी फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर त्या खोलीत उभे राहिलात तर माझ्याकडे यायचे कष्टही घेऊ नका. म्हणून दुकान यंत्रांसकट विकलं आणि आलेले पैसे बँकेत ठेवले. त्यांच्या व्याजावर ह्यांनी खिडकीशी बसून नुसता श्वास घ्यायचा, एवढाच आमचा बेत होता.

पैसे जमा होतात न होतात तोच बँकेबाहेर रांगा लागल्या. ह्यांनी बूट चढवले. नेमका त्याच वेळी शहाणा चहाला आला होता.

"बसा हो भावोजी," तो म्हणाला. "रांगेत उभं राहून खोकला वाढवाल."

"बँक बुडतेय म्हणतात."

"बुडतेयच. लोकांचा पैसा तिनं सरकारच्या रोख्यांत घातलाय, आणि सरकारला ते फेडता येत नाहीत. आता सरकारनंच तिला वाचवायचंय."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी म्हटलं.

"म्हणून तर टिपण लागतं, ताई. हे बाहेर बोलायचं नसतं, पण तुम्ही घरचे." त्याने खुर्ची जवळ ओढली. "मंत्र्यांपुढे कायम तीन पर्याय ठेवायचे. पहिला, सरकारनं नवे रोखे काढून बँकेत भांडवल घालायचं. दुसरा, बुडीत कागद वेगळ्या कंपनीत टाकायचे आणि त्यासाठी बाहेरून, परदेशातून कर्ज आणायचं. तिसरा, मोठ्या ठेवी कापायच्या आणि बदल्यात लोकांच्या हातात बँकेचे शेअर ठेवायचे. हा तिसरा म्हणजे बुजगावणं. साहेब तो वाचून दचकतात आणि दुसऱ्यावर सही करतात. आजवर एकही मंत्री चुकला नाही."

बुजगावण्यावर त्याचा भारी जीव. गबाळ्या बुजगावण्याला कावळासुद्धा भीत नाही, म्हणाला. म्हणून त्याने सगळं बेतून लिहिलं होतं: किती रकमेच्या वर कापायचं, बँका कधी बंद करायच्या, लोकांना काय सांगायचं. "'ठेवीदारांचा सन्माननीय सहभाग,'" त्याने घसा खाकरून म्हणून दाखवलं आणि स्वतःच इतका हसला की चष्मा पुसावा लागला. मीही हसले.

हे हसले नाहीत. बूट पायातच होते. "म्हणजे पैसे काढू नको?"

"काढून ठेवणार कुठं, गादीखाली? राहू द्या तिथंच."

"शहाणा सांगतोय ना, ऐका," मी म्हटलं. ह्यांनी बूट काढून ठेवले.

पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं. कर्ज देणारे बाहेरून आले आणि मंत्रालयात ठाण मांडून बसले. पहिला पर्याय वाचून म्हणाले, तुमचे जुने रोखे कुणी घेत नाही, नवे कोण घेणार? दुसरा वाचून म्हणाले, या कामाला आम्ही आणखी छदाम देणार नाही. मग पान उलटलं. त्यांच्या म्होरक्याने तिसरा पर्याय दोनदा वाचला आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय? यात तर काही करायचंच उरलेलं नाही.

"साहेबांनी माझ्याकडं बघितलं," शहाणा म्हणाला. "मी काय सांगणार होतो? की हा निवडायसाठी लिहिलेला नाही?"

बँका बंद होईपर्यंत त्या इमारतीतून कुणाला बाहेर सोडलं नाही. फोनही काढून घेतले होते. बातमी फुटू नये म्हणून तशी सोय त्यानेच टिपणात करून ठेवली होती.

रविवारी संध्याकाळी मंत्री टीव्हीवर आले. 'ठेवीदारांचा सन्माननीय सहभाग' कानावर पडलं. ह्यांनी टीव्हीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुकानाच्या पैशांतला पाऊण भाग गेला. बदल्यात आम्ही बँकेचे मालक झालो. मालकांना दर आठवड्याला किराण्यापुरते पैसे मिळतात, तेही रांगेत उभं राहून.

शहाणा आला तो दारातच थांबला. त्याची स्वतःची पुंजीही त्याच बँकेत होती. म्हणजे आम्हाला फसवलं म्हणायचीही सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. तो रडला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, खोटं कशाला सांगू. मी त्याला चहा दिला.

दुसऱ्या आठवड्यात हे लाँड्रीच्या नव्या मालकाकडे गेले. त्याला इस्त्रीच्या टेबलावर माणूस हवाच होता, आणि त्या यंत्राच्या खोडी ह्यांच्याइतक्या कुणाला माहीत? आता हे रोजंदारीवर त्याच वाफेत उभे राहतात. डॉक्टरांकडे जाणं आम्ही सोडलं.

शहाण्याला बढती मिळाली. आणखी एक बँक बुडायला आलीय आणि बाहेरच्या लोकांनी त्याला नाव घेऊन मागून घेतलंय. या खेपेला तीन पर्याय नकोत, एकच लिहा, असं सांगितलंय. त्याला रोज बैठका असतात, रोज कडक कॉलर लागते. परवा त्याचे शर्ट लाँड्रीत आले. भावोजी तिथं आहेत हे त्याला माहीत नाही, मी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी हे भिंतीला धरून जिना चढत होते. मी हाताला धरायला खाली उतरले.

"त्याचे शर्ट तरी दुसऱ्या कुणाला करायला द्यायचे होते," मी म्हटलं.

"घरचे कपडे आहेत," हे म्हणाले, आणि पायरीवरच बसले. श्वास परत यायची वाट बघत मीही शेजारी बसून राहिले.