गुरुवारची सोबत

ईडाने स्कूटर खळ्याच्या कडेला लावली. मसुऱ्यातल्या आपल्या घरापुढे यशोदाकाकी काजूच्या बिया उन्हात पसरत होत्या.

"काकी, दिव्याचो फोन इलेलो. दोन गुरुवार तुमी गेल्यात नाय."

"आता कित्याक जाऊ?" काकींचा हात थांबला नाही. "तिना कोर्टात जबानी फिरवल्यान. माझो भाचो सुटलो."

दिव्याच्या अंगावर नवऱ्याने उकळते तेल ओतले होते. समुपदेशन संपले की अशा बायकांपाशी आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन बसावे, म्हणून महिला केंद्रात काम करणारी ईडा सोबतिणी नेमत असे. काकींना तिनेच निवडले होते. त्या कमी बोलत, म्हणून.

"तिचो घोव तुमचो भाचो?"

"भयणीचो झील. तुमी कधी इचारलात नाय."

तारकर्लीला दिव्याच्या घरी पोहोचेपर्यंत ईडा मनाशी शब्द जुळवत होती. दिव्याने दार उघडले आणि ईडाच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिले.

"काकी खंय?"

ईडाने काहीही न लपवता सगळे सांगितले. "चूक माझी. मी चौकशी करूक व्हयी होती. तुका फसवल्यान तिना."

"फसवल्यान खंय? माझ्या लग्नात तिनाच ओटी भरलेली. पयल्या दिसाक दारातच वळाकलंय."

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी तिका काढलां असतांत."

दिव्याने पदर मानेवर ओढून घेतला. तिथली कातडी अजून तांबडी होती.

"आवस येना नाय. धाकट्या भयणीक बघूक येतत, तेंका माझा तोंड दिसाक नको म्हणता. काकी येय, माझे केस इंचरी. जळलेल्या जाग्यार हात लागलो तरी मागे घेय नाय."

"आणि जबानी?"

"तिना एकदाच इचारल्यान. नाय म्हटलंय तर परत येवची नाय, असां वाटलां."

ईडाला बसवेना. "मी दुसरी बाई पाठवतंय. नायतर मीच येतंय."

"तुमी नको. तुमी इल्यात काय माका सगळां परत सांगूचा लागता." दिव्या दारापर्यंत आली. मग हळूच म्हणाली, "काकीक सांगा, भाचो सुटलो तां बरां झालां. आता आमच्यात वाकडां काय उरलां नाय. येऊंदे म्हणा."

"सांगतंय."

"ह्याच गुरुवारी?"