ठिगळाशेजारची जागा

मी लोखंडी एल्बो बोलतोय. सरळ पाइपाला वळवणारा कोपरा. बुऱ्हाणपूरजवळच्या एका कागद गिरणीत कढत लगदा माझ्यातून वळून पुढे जाई.

लगदा रद्दीचा. त्यात वाळू, पिना आणि झोंबणारं रसायन. सरळ पाइपातून तो नुसता वाहतो, वळताना मात्र माझ्या पाठीवर आदळतो. बाहेरून माझा रंग शाबूत होता, आतून मी झिजत होतो.

शालिग्राम फिटरने हातोडीने ठोकून पाहिलं आणि देखभालीच्या इंजिनिअर वर्षा मॅडमना हाक मारली. "मॅडम, याची पाठ पातळ झाली हो."

"मलाही तीच भीती आहे," मॅडम म्हणाल्या. "आतून चिनीमातीचं अस्तर असलेला एल्बो मागवलाय. वरचे म्हणतात, तोवर मशीन बंद नको."

"मग ठिगळ मारतो. पण किती दिन चालेल, भरोसा नाही."

त्याने पाठीवर जाड पत्रा वेल्ड केला. त्या दिवसापासून येता-जाता तो माझ्याशी बोले, "टिक रे भो, नवा येईपर्यंत टिक."

मला टिकायचंच होतं. पण लगद्याने ठिगळ सोडलं आणि त्याच्या शेजारची जागा कुरतडायला घेतली. मला ते कळत होतं. सांगू कसं? थेंबभर गळलो असतो तरी त्याला समजलं असतं. तेही माझ्या हातात नव्हतं.

एका दुपारी मी अचानक फाटलो. शालिग्राम व्हॉल्व्ह बंद करायला धावला आणि उकळता लगदा त्याच्या उजव्या हातावर पडला. तरी त्याने चाक फिरवणं सोडलं नाही. वर्षा मॅडम त्याच्या हातावर थंड पाणी ओतत ओरडत होत्या, "गाडी काढा! जल्दी!" मी वर तसाच, तोंड उघडं टाकून लटकत होतो.

नंतर अस्तराचा एल्बो आला. मी भंगारात पडलो. शालिग्रामही कामावर परतला, पण त्याची बोटं आता मिटत नाहीत. त्याला गेटवर बसवलंय. परवा तो माझ्याजवळ थांबला. डाव्या हाताने माझी फाटलेली कड चाचपली आणि निघून गेला.

आता मी भट्टीत जाईन. माझं काय घडवायचं ते घडवा. पुन्हा कोपराच केलात, तर आधी आतून मजबूत करा आणि मगच कुणाला माझ्याखाली उभं करा.