छाती साफ

मी स्टेथोस्कोप बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांच्या छातीतलं ऐकलं, आज माझंही थोडं ऐकून घ्या.

कारखान्यात नळीला चकती जोडली, तेव्हा वाटलं होतं, कुणा जाणत्याच्या कानी लागेन. लागलो वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांच्या गळ्याला. तिथेच लोंबकळत राहिलो. फोटो काढायचा असला की मात्र साहेब मला मायेने सरळ करायचे.

मला श्वासाची भाषा कळते. निरोगी श्वास मऊ, सळसळता. दम्याचा श्वास शिट्टी वाजवतो. न्यूमोनियात केसांची बट कानाशी चोळावी तशी करकर येते. पण त्यासाठी मला उघड्या कातडीवर, पाठीलाही टेकवावं लागतं. एवढे कष्ट साहेबांना कुठून झेपणार? ते कपड्यावरूनच एकदा टेकवत आणि ‘छाती साफ’ लिहीत. घाई असली की आधी लिहीत, मग टेकवत.

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या बाईंना त्यांचा भाऊ घेऊन आला. दम्याने छाती दारापर्यंत वाजत होती. औषधं दिली. दुपारी शिट्टी थांबली. साहेबांनी मला ब्लाउजवरून टेकवलं न टेकवलंसं केलं.

“छाती साफ. उद्या घरी न्या.”

भावाने हात जोडले. मी आतून तडफडत होतो. शिट्टी वाजायलाही हवा लागते, आणि बाईंच्या छातीत हवाच हलत नव्हती. पण मला तोंड कुठे आहे?

वॉर्डातल्या सिस्टर पलंगाशी वाकल्या. “ताई, भावाला हाक मारा बघू.”

“दा...” बाईंना पुढचं अक्षर निघेना.

सिस्टरनी साहेबांच्या गळ्यातून मला सरळ काढून घेतलं आणि बाईंच्या पाठीला लावलं. “साहेब, आत काहीच ऐकू येत नाही. श्वास आत जात नाहीये.”

“मी ऐकलंय की आत्ता.”

“मग पुन्हा ऐका. पाठीवर.”

साहेबांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग ऑक्सिजन, वाफेचं औषध, इंजेक्शनं, नुसती धावपळ. तासाभराने शिट्टी परत आली. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

“वेळेवर माझ्या लक्षात आलं,” साहेब भावाला म्हणाले. लाज वाटायलाही थोडी अक्कल लागते.

साहेबांनी आता नवा, चकचकीत स्टेथोस्कोप घेतलाय. मी नळीला चिकटपट्टी लावून सिस्टरच्या खिशात असतो आणि रोज चार पाठी ऐकतो. माझं बरं चाललंय. तुम्ही तेवढी काळजी घ्या. असा कुणी साहेब तुमच्या माणसाच्या उशाशी आला, तर त्याला म्हणा, “डॉक्टर, पाठही ऐका.” त्याला राग येईल, येऊ द्या. तोवर ‘छाती साफ’ लिहायला कागद मात्र त्याच्या हातात देऊ नका.