पाण्यातला आवाज

दारात माणसं मावेनात, म्हणून काही जण खिडकीच्या गजांना लटकले होते. आत खाटेवर वडील आडवे होते. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचं उजवं अंग लुळं पडून पंधरा दिवस झाले होते. उशाशी तांब्या घेऊन बसलेल्या, भुवईवर व्रण असलेल्या जलबाबाची भाकितं तंतोतंत खरी उतरत होती. परवा ठसका, काल ताप. आज म्हणे अंगातलं भूत बोलणार होतं.

बाबाने रोजच्यासारखे मंतरलेल्या पाण्याचे चार घोट वडिलांच्या तोंडात ओतले. वडील ठसकले, तापात बरळू लागले. पण तो आवाज त्यांचा नव्हता. तळ्याच्या तळातून यावा तसा ओला, गुळगुळता होता.

"ऐका! बोललं की नाही?" बाबा गरजला. "तापाने सैल झालंय. उद्या उपटतोच!"

आत्याने हात जोडले. लेकीने कान टवकारले. पंप दुरुस्त करण्यात तिची दहा वर्षं गेली होती. माणसांपुढे अडखळणाऱ्या तिला यंत्राचा आवाज अचूक कळे. झडप नीट मिटली नाही, की पाणी नको तिथे शिरतं आणि असंच गुळगुळतं.

"आता त्याला पाण्याशिवाय बोलायला लावा," ती म्हणाली.

"त्याला तहान असते, पोरी!"

"मग मंत्र कशाला? तहान साध्या पाण्यानेही भागते."

खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबाने तांब्या उचलला, तसं तिने पान्यासारख्या पकडीने त्याचं मनगट आवळलं.

"बाप मेला तर पाप तुझ्या माथी!"

"मेला तर तुमच्या तांब्याने मरेल. आत्या, गाडी बोलाव!"

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. "झटक्याने घसाही लुळा पडतो. आडवं निजवून पाजलेलं पाणी श्वासनळीत उतरलं, म्हणून ठसका. त्यातून फुप्फुसाला संसर्ग, संसर्गाने ताप, तापाने भ्रम. एकाने दुसऱ्याला हात धरून आणलं."

"पण त्या तांब्यावाल्या बाबाला हे आधीच कसं कळलं हो?" आत्याने विचारलं.

"तांब्यावाला? भुवईवर व्रण असलेला?" परिचारिका उसळली. "आठ वर्षं याच वॉर्डात कामाला होता तो! ठसका, ताप, बरळणं, हीच रांग रोज बघायचा."

दहाव्या दिवशी वडिलांनी ताठ बसून, हनुवटी खाली घेऊन, श्वासनळीत उतरू नये म्हणून घट्ट केलेलं चमचाभर पाणी गिळलं आणि कोरड्या, आपल्या स्वतःच्या आवाजात लेकीला हाक मारली.

ते घरी परतले, तेव्हा दारात पुन्हा गर्दी होती. लेक उंबऱ्यात उभी राहिली. या वेळी ती अडखळली नाही.

"पाजल्यावर आवाज ओला झाला, तर पाजणं थांबवा, माणसाला उठवून बसवा, डॉक्टर गाठा. आणि भाकीत खरं ठरलं म्हणून हात जोडू नका. ते खरं कुणी केलं, एवढं विचारा."